सुगीचे सात थांबे

मी आज जो काही आहे तो हबीबचाचांमुळे. हे आधीच लिहून टाकतो, कारण घोड्यांविषयी बोलायला लागलो की माणसं मागं राहतात अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती आमच्या घरातूनच पसरली आहे.

हबीबचाचा सेलूजवळच्या एका पागेत चाबुकस्वार होते. चाबुकस्वार म्हणजे कोऱ्या घोड्याला शिकवून माणसांत वावरायला लावणारा. नावात चाबूक आहे, पण मी त्यांच्या हाताखाली चौदा वर्षं काढली आणि त्यांच्या हातात चाबूक एकदाही पाहिला नाही. आता ते नांदेडला लेकीकडे असतात. कान आधीच गेले होते, आता डोळ्यांनीही अंधूक उजेडापलीकडं फारसं दिसत नाही. फोनचा काही उपयोग नाही. म्हणून मी त्यांना पोस्टानं पत्र पाठवतो आणि त्यांची नात रुख्सार ते त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं वाचून दाखवते. त्यामुळं आमच्या घोड्यांची खबर त्यांच्या सगळ्या गल्लीला असते, असं ती सांगते.

मी मूळ बोरीचा. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे, आई कापूस वेचायला जायची. घरात दहावीपर्यंतही कुणी पोचलं नव्हतं. मी जिंतूरला राहून बी.ए. झालो. निकालाच्या दिवशी वडिलांनी गुणपत्रिका मागितली. त्यांना वाचता येत नव्हतं. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "कागद लय गुळगुळीत हाय." मग ती काचेत घालून बुद्धाच्या तसबिरीखाली लावली. ती अजून तिथंच आहे.

पुढं तलाठ्याची परीक्षा झाली, शिक्षकाच्या मुलाखती झाल्या, आणि कुठंच काही जमलं नाही. तेवढ्यात कळलं की सेलूकडं एका पागेच्या मालकांना नोंदी ठेवायला शिकलेला माणूस पाहिजे. कोणती घोडी कधी व्याली, लस कधी दिली, नाल कधी बदलले, हे लिहायचं. मी वही आणि पेन घेऊन गेलो. पहिल्याच दिवशी हबीबचाचांनी माझा हात धरून तळवा उलटासुलटा करून पाहिला.

"क्या पढे?"

"बी.ए."

"बोले तो मास्टर?"

"नाही चाचा, मास्तर होता आलं नाही."

"हम करते," ते म्हणाले. "लिखनेवाले का हात नरम रहता. घोडेकू नरम हातच होना."

त्या दिवसापासून मी मास्टर झालो. एका हातातली वही सुटली नाही, दुसऱ्या हातात दोर आला.

आमच्या धंद्याविषयी लोकांचा एक समज असतो. घोडं शिकवणं म्हणजे त्याच्यावर बसणं, पडणं, पुन्हा बसणं, असं त्यांना वाटतं. बसणं फार पुढची गोष्ट. आमचं खरं काम एका वेगळ्याच दिवशी ठरतं. शिंगरू जन्मल्यापासून दोन-अडीच वर्षं पागेतच वाढतं. त्याला आई माहीत असते, विहीर माहीत असते, लिंबाची सावली आणि पाण्याच्या मोटारीचा आवाज माहीत असतो. तेवढंच त्याचं जग. मग एका सकाळी आपण त्याच्या डोक्याला मोहरकी घालतो, दोर हातात घेतो आणि त्याला पहिल्यांदा कुंपणाबाहेर काढतो. तो दिवस नीट गेला तर पुढं ते घोडं बँडसमोर उभं राहतं, जत्रेत चालतं, लहान लेकरू पाठीवर घेतं. बिघडला तर जन्मभराचं भय बसतं. घोड्याजवळ शिंगं नाहीत, नख्या नाहीत. भीतीवर त्याला एकच औषध माहीत आहे, ते म्हणजे पळणं. पहिल्या दिवशी ते रस्ता शिकत नाही. सोबतच्या माणसाच्या खांद्याशी थांबलं तर जिवाला धोका नाही, एवढंच शिकतं.

त्या दिवसासाठी चाचांचे काही रिवाज होते. आदल्या दिवशी त्याच वेळी तो सगळा रस्ता आपण एकट्यानं पायी चालायचा, तोही मान खाली घालून, कारण नवं घोडं जमीन वाचत चालतं. आपल्याला रस्त्यावर पांढरा पट्टा दिसतो, त्याला खड्डा दिसतो. निघताना रोजचेच कपडे घालायचे. घोडं थांबलं की आपणही थांबायचं, ओढायचं नाही, आणि त्याच्या डोळ्यांत न बघता ते जिकडं बघतं तिकडं बघायचं. आणि सगळ्यांत अवघड रिवाज हा की, घोड्याला अजून पुढं जावंसं वाटतंय तोवरच परत फिरायचं. थकल्यावर नाही, भ्याल्यावर तर नाहीच. "पूरा पेट मत खिला रस्ता," चाचा म्हणत, "थोडी भूक रहने दे."

घरी आल्यावर मोहरकी काढायची, पाणी दाखवायचं, आणि घोड्यानं पाणी प्यायल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही. पहले पानी, फिर बात. मग चाचा एकच प्रश्न विचारत. किती लांब गेलात, हे त्यांना नको असायचं. "कितने बार रुका? और पहले कौन हिला, तू या वो?"

हे सगळं मी आता शहाण्यासारखं लिहितो आहे. ते मी शिकलो कसं, हेही लिहायला पाहिजे.

पागेत माझं दुसरं वर्ष चालू होतं. राजा नावाचं एक देखणं वछेरं होतं, काळंभोर, चारही पाय पांढरे. राणीसावरगावचे एक पाटील त्याच्यासाठी सेलूच्या स्टँडजवळ येऊन थांबणार होते. चाचांना ताप होता. मालक म्हणाले, "मास्तर, तुम्हीच न्या. पाटलांना बघू द्या." मी एकटा, पहिल्यांदा. त्या सकाळी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, नवे बूट घातले आणि एका मित्राकडून कानामागं आणि बाहीला अत्तर लावून घेतलं. गावातून घोडं घेऊन जायचं होतं. लोक बघणार होते. बोरीच्या सालगड्याचा पोरगा.

राजानं मोहरकी घालतानाच मान फिरवली. मी त्याला लाडीगोडी लावली. कालव्याच्या पुलावर तो थांबला. मागून मालकांची जीप येत होती, म्हणून मी ओढला. पुढं दोनदा थांबला, दोन्ही वेळा ओढला. स्टँडपाशी पोचलो तेव्हा तो घामानं भिजला होता आणि लोक वाहवा करत होते. कुणी तरी म्हणालं, अजून जरा पुढं आणा, पाटील चहा पीत बसलेत. मी नेला. एका टपरीवरची ताडपत्री फडफडली. राजा दोन पायांवर उभा राहिला, डांबरावर घसरून गुडघ्यांवर पडला, उठला, आणि माझ्या हातातून दोर ओढून घेऊन सगळा रस्ता घराकडं पळत सुटला.

मी नव्या बुटांनी पळत पागेत पोचलो तेव्हा चाचा तापाच्या अंगानं उठून राजाला सावलीत हळूहळू फिरवत होते. दोन्ही गुडघे सोललेले होते. मी सांगायला लागलो, पाटील, ताडपत्री, जीप. चाचांनी हात वर केला. राजाचा घाम वाळू दिला, त्याला पाणी पाजलं. मग मला रांजणाकडं बोट केलं. मीही पाणी प्यायलो. मग त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरून माझ्याच नाकाशी नेली.

"सूंघ. कौन है ये?"

बाहीला अत्तराचा वास होता.

"घोडा बी येइच पूछ रहा था सुबह से. मेरा मास्टर किधर गया, ये अत्तरवाला कौन है." मग त्यांनी विचारलं, "कितने बार रुका?"

मी मोजलेलं नव्हतं.

राजाचे गुडघे भरून आले, पण तिथं पांढरे डाग राहिले. पुढं तो कुठलाही पूल कधी ओलांडू शकला नाही. अमक्या घोड्याच्या गुडघ्यावर डाग आहे असं कुणी म्हटलं की अजून मी मान खाली घालतो. त्या आठवड्यात मी एक वेगळी वही सुरू केली. तिच्यात प्रत्येक घोड्याची पहिली फेरी लिहिली आहे. कुठं थांबलं, किती वेळ, आधी कोण हललं. सत्तेचाळीस घोड्यांची वही आहे. माझ्या बी.ए.चा खरा उपयोग झाला असेल तर तो तिथं.

सगळंच इतकं गंभीर नसायचं. एक बँडवाले होते. त्यांच्या वरातीत घोडी बिचकू नये म्हणून त्यांनी आपला एक क्लॅरनेटवाला रियाजाला आमच्या पागेत पाठवायला सुरुवात केली. तो गडी मनापासून वाजवायचा आणि मनापासून बेसूर वाजवायचा. शिंगरांना त्याचा फार लळा लागला. पुढं परण्याच्या वेळी, म्हणजे नवरदेव घोडीवरून मारुतीला जातो तेव्हा, दुसरा बँड सुरात वाजला आणि आमची घोडी मधेच थांबून चहूकडं बघायला लागली. नवरदेव घाबरला. चाचा म्हणाले, "कुछ नै, अपने बाजेवाले मास्टर कू ढूंढ रही." तसंच एकदा निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ घोडं बघायला भोंगा घेऊनच आले. घोड्यासमोर स्वतःच्या नावाचा जयजयकार करून बघितला. घोडं कडबा खात राहिलं. ते खूश झाले. म्हणाले, "याला सवय दिसायलीय भाषणाची."

मालक थकले आणि पागा मोडली तेव्हा घोडी वाटली गेली. म्हातारी बिजली मालकांनी चाचांना दिली, कारण चाचांशिवाय कुणी हात लावलेला तिला चालत नसे. चाचा नांदेडला तिसऱ्या मजल्यावर राहायला निघाले होते. त्यांनी बिजलीचा दोर माझ्या हातात दिला. ती गाभण होती.

"इसका बच्चा पैले दिन तूच बाहर निकाल," ते म्हणाले. "दूसरे कू मत देना. और मेरेकू लिख, कितने बार रुका."

मी तोवर सेलूच्या अलीकडं, पागेजवळच, तीन एकर रान आणि पत्र्याचा एक गोठा केला होता. तिथं ज्वारीच्या काढणीत बिजली व्याली. कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची वछेरी, कपाळावर हरभऱ्याएवढा पांढरा टिक्का. सुगीच्या दिवसांतली म्हणून माझ्या बायकोनं, सुनंदानं, तिचं नाव सुगी ठेवलं. दोन वर्षांनी बिजली म्हातारपणानं गेली. चाचांच्या घोड्यांमधलं आमच्याजवळ आता सुगी एवढंच उरलं होतं.

चाचांच्या प्रत्येक निरोपात एकच प्रश्न असायचा, "सुगी बाहर निकली क्या?" ती अडीच वर्षांची झाली तरी मी तिला काढली नव्हती. पाऊस आहे, चिखल आहे, काढणी आहे, अशी कारणं मी लिहीत होतो. खरं कारण राजाचे गुडघे होते. सत्तेचाळीस घोडी बाहेर काढलेल्या माणसाला अठ्ठेचाळिसावीची भीती वाटत होती. हे मी चाचांना लिहिलं नाही. त्यांना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही.

मग रुख्सारचा मोबाईलवर निरोप आला. नानांच्या, म्हणजे चाचांच्या, डोळ्यांचं ऑपरेशन औरंगाबादला ठरलं आहे, दवाखान्यानं तारीख अलीकडं घेतली, परवा सकाळच्या गाडीनं निघायचं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर आहे तेवढं टिकेल किंवा तेही जाईल, सांगता येत नाही. नाना म्हणतात, गाडी तुमच्या रानाजवळच्या फाटकावरून जाते. सुगीला फाटकावर उभी करा. मोबाईलवरचा फोटो त्यांना धुरासारखा दिसतो, पण गाडी तिथं हळू होते, घोड्याएवढं जनावर जवळ असेल तर दिसेल. एकदा बघू द्या.

माझ्या रानापासून रेल्वेफाटक अडीच किलोमीटर. हातात दोन दिवस.

शेजारचे शेषराव म्हणाले, "माझा टेम्पो हाय ना. घाला त्यात, पाच मिनटात फाटक. चाचा बघतील, घोडी घरी. कशाला येवढा घोर लावून घ्यायलात?"

मला ते क्षणभर पटलंही. पण पहिल्यांदा कुंपणाबाहेर जायचं ते तिच्या चार पायांनी, चाकांवर नाही. चाकांवर गेलेल्या घोड्याला रस्ता कळत नाही, फक्त हिसके कळतात. चाचांना दाखवायची म्हणून चाचांचाच रिवाज मोडायचा, हे मला जमेना. आदल्या दिवशी सकाळी मी मान खाली घालून फाटकापर्यंत चालत गेलो आणि आलो. पांदणीत ठिबकच्या काळ्या नळीचं वेटोळं पडलं होतं, कालव्याच्या पुलाखाली पाणी होतं, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपुढं नवा गतिरोधक होता, त्यावर पांढरे पट्टे. सगळं वहीत लिहिलं.

निघायच्या सकाळी सुनंदा माझ्याकडं बघून दारात उभी राहिली.

"ह्याच शर्टावर जायलात?"

"हाच पाहिजे."

"चाचा काय म्हणतील, मास्टरला बायकोनं शर्ट पण धुवून दिला न्हाई?"

"चाचांनीच सांगितलंय."

"मग चाचांकडंच धुवायला पाठवते." तिनं शेणाचा डाग असलेली माझी बाही हातानं झटकली, आणि मग हळूच म्हणाली, "नीट न्या तिला."

सुगीनं मोहरकी घालून घेतली. माझ्या शर्टाला नाक लावलं, फुर्र केलं आणि चालायला लागली. कुंपणाच्या दाराशी लिंबाची सावली जिथं संपते तिथं ती पहिल्यांदा थांबली. मागं वळून गोठ्याकडं बघितलं. मी पण बघितलं. तिथं कुणीच नव्हतं. थोड्या वेळानं तिनंच पुढचा पाय टाकला.

ठिबकच्या नळीपाशी ती थांबणार हे मला माहीत होतं, म्हणून मी त्या बाजूनं चाललो. तरी थांबली. मी आधी हललो, ती आली. खिशात मोबाईल थरथरला. रुख्सारनं लिहिलं होतं, परभणी सुटली, नाना खिडकीत बसलेत, एका बाईंना उठवून बसलेत.

मग कालव्याचा पूल आला. सुगीनं मान जमिनीला लावली. पुलाखालचं पाणी ऐकत तिचे कान एकदा पुढं, एकदा मागं होत होते. मी दोर सैल सोडला आणि पाण्याकडं बघत उभा राहिलो. राजाच्या वेळी जिथं मी ओढलं होतं नेमका तोच पूल. किती वेळ गेला, माहीत नाही. एक सायकलवाला आला, थांबला, कंटाळून निघून गेला. मग माझ्या खांद्याजवळून खूर वाजला. एक. मग दुसरा. मी हललोच नव्हतो. ती मला मागं टाकून पूल ओलांडत होती आणि मी घाईनं तिच्या बरोबर होत होतो. सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले.

डांबरी रस्त्यावर शेषराव मोटारसायकल घेऊन आडवे आले. सुगी थांबली, मी थांबलो. शेषराव इंजिन बंद करून बघत राहिले.

"मास्तर, तुमी घोडीला फिरवायलात का घोडी तुमाला?"

"आज पहिलाच दिवस आहे तिचा, भाऊ."

"मंग दोघं बी भिऊन उभे हाव म्हणा की!"

"गप बसा जरा."

"बसलो. पण गाडी थांबायची न्हाई तुमच्यासाठी."

ते खरं होतं. सुगीनं मोटारसायकलचा वास घेतला, शेषरावांच्या टोपीचा घेतला आणि पुढं निघाली.

जिनिंगच्या भिंतीपाशी माझी चूक झाली. आदल्या दिवशी वारा नव्हता. आज होता, आणि बाभळींच्या काट्यांना अडकलेला कापूस एकदम हलायला लागला. झाडंच्या झाडं पांढरी हलत होती. सुगी चारही पाय रोवून उभी राहिली, नाकपुड्या मोठ्या झाल्या. हे माझ्या वहीत नव्हतं. मला सुचलं ते केलं. काट्यावरचा एक पुंजका तोडून हातावर ठेवला. तिनं दुरून मान लांब केली, वास घेतला, आणि शिंकली. कापूस माझ्या तोंडावर उडाला. ते तिला आवडलं असावं. आम्ही निघालो.

आणि मग गतिरोधक. पांढरे पट्टे. सहावा थांबा. तिनं एक पाय पट्ट्यावर ठेवला, काढला, परत ठेवला, परत काढला. मग एकदम चारही पायांनी पलीकडं उतरली आणि मान वर करून उभी राहिली. कान सरळ पुढं. समोर दोनशे पावलांवर फाटक दिसत होतं. खिशात मोबाईल थरथरला. मानवत रोड सुटलं.

फाटकाचे दांडे खाली येत होते. वेळ होता. दोनशे पावलं म्हणजे तीन मिनिटं. सुगी थकली नव्हती, भ्याली नव्हती. दोर ताणून तीच मला पुढं ओढत होती. तिला ते फाटक बघायचं होतं. मी तिच्या कानांकडं बघितलं. हाच तो क्षण होता, चाचांनी चौदा वर्षं मला दाखवलेला. अजून पुढं जावंसं वाटतंय, तोवर.

पुढं नेली असती तर कदाचित ती उभी राहिली असती. खरंच राहिली असती, कोण जाणे. पण फाटकाजवळ गाडी दहा हातांवरून जाते, भोंगा वाजवत. आणि त्या खिडकीत बसलेल्या माणसाला हे शेवटचं दिसणार होतं. ती तिथं उधळली असती तर त्यांनी काय बघितलं असतं? आणि नसती उधळली, तरी मी ती कुणासाठी नेली असती? तिच्यासाठी नक्कीच नाही. मी पाटलांसाठी एकदा नेलं होतं.

मी तिचं तोंड घराकडं वळवलं. दोनदा तिनं मान मागं करून फाटकाकडं बघितलं. मी बघितलं नाही. मी वळलो असतो तर तीही वळली असती. त्यामुळं ज्या गाडीसाठी मी त्या रस्त्यानं निघालो होतो ती गाडी मी पाहिलीच नाही, फक्त पाठीमागून ऐकली.

ऑपरेशननंतर चाचांचा डावा डोळा गेला आणि उजव्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं. म्हणजे सुगी त्यांनी पाहिली नाही, आणि आता पाहणार नाहीत. हे माझ्यामुळं झालं, हे मी स्वतःपासून लपवत नाही. काही सकाळी पाणी पाजताना ते मनात येतंच.

पावसाळा संपल्यावर जावयांनी त्यांना गाडीत घालून माझ्याकडं आणलं. सुगी तोवर फाटकापर्यंत पुष्कळदा जाऊन आली होती. गाडी समोरून गेली तरी ती कडबा चघळत असल्यासारखी उभी राहते, गेटमन तिला नावानं हाक मारतो. मी हे सगळं अभिमानानं सांगायला तोंड उघडलं, पण दुरून त्यांना ऐकू येत नाही म्हणून थांबलो. चाचांनी हात पुढं केला. मी सुगीला जवळ आणली. त्यांनी कपाळावरचा टिक्का बोटानं शोधला, सापडला नाही, रंग हाताला लागत नाही. मग मान, खांदा, आणि खाली, खाली, वाकून दोन्ही गुडघ्यांवर तळहात फिरवला. उजवा, मग डावा, मग परत उजवा. सुगी हलली नाही.

"साफ है," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, कारण त्यांना स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही. शेषरावांच्या रानापर्यंत गेला असेल. "घुटने साफ है, मास्टर."

मला काचेतल्या गुणपत्रिकेपेक्षा ते वाक्य मोठं वाटतं. वडील असते तर त्यांनीही मान्य केलं असतं, कारण गुडघे हातानं वाचता येतात.

त्या फाटकाच्या दिवशी दुपारी मी चाचांना लिहिलेलं पत्र त्यांनी नालांच्या खिळ्यांच्या डब्यात जपून ठेवलं आहे. रुख्सारनं त्याची प्रत मला पाठवली. या लेखासाठी माझ्याजवळ त्याहून बरं काही नाही.

आदरणीय हबीबचाचांना,

मास्टरचा सलाम आणि जयभीम.

सुगी आज बाहेर निघाली. सात वेळा थांबली. कुंपणाच्या दारात ती आधी हलली. ठिबकच्या नळीपाशी मी. कालव्याच्या पुलावर ती, आणि मी मागं राहिलो. शेषरावांच्या गाडीपाशी ती. जिनिंगच्या बाभळींपाशी मी, ती चूक माझी, वाऱ्याचा विचार केला नव्हता. गतिरोधकावर ती.

तिथून फाटक दोनशे पावलं होतं आणि तिला पुढं यायचं होतं. म्हणून मी परत फिरलो.

सातवा थांबा तुमच्या गाडीचा. आम्ही जिनिंगच्या भिंतीपाशी परत आलो होतो तेव्हा मागं भोंगा वाजला. सुगीनं दोर संपेपर्यंत उडी मारली. मला वाटलं, गेली. पण तिचं तोंड घराकडं होतं आणि मी तिथंच उभा होतो. ती दोराच्या टोकाला थरथरत थांबली. गाडी जाईपर्यंत मी काही केलं नाही. आवाज संपला, तशी ती आपण होऊन चालत आली आणि माझ्या खांद्याला कपाळ लावून उभी राहिली. आधी ती हलली, चाचा.

फाटकावर तुम्हाला कुणी दिसलं नसेल. मला माफ करा.

रुख्सारनं कळवलं, फाटक गेलं तसे तुम्ही खिडकीतून आत वळलात, तिच्याकडं पाणी मागितलंत, सगळी बाटली संपवलीत, आणि मग म्हणालात, "मास्टर घर पहुंच गया."

पोचलो. मोहरकी काढली, पाणी दाखवलं. सुगी प्यायली, मी पण प्यायलो. मग हे पत्र लिहायला बसलो.

तुमचा,
मास्टर